कोकभट्टीची आच



वैशाखाच्या दिवसांत, दिवसभराच्या उन्हाने जीव कासावीस झाल्यावर, संध्याकाळी चार घटका गारव्याला बसावे म्हणून आपण येथे जमलात. आणि आम्ही मात्र आपल्यापुढे हजार अंशांच्या भट्टीचा विषय मांडणार आहोत. हा थोडा अन्यायच झाला असे कोणी म्हटले तर आमची हरकत नाही. परंतु घरातील विळी, खिडकीचे गज, घराच्या छपरातील सळई आणि गावापर्यंत आलेला रेल्वेचा रूळ, यांतील बहुतेक लोखंड कोठे ना कोठे झोतभट्टीतून आलेले असते; आणि झोतभट्टीच्या पोटात जे इंधन लागते ते म्हणजे कोक. हा कोक ज्या भट्टीत तयार होतो तिची आच कशी सांभाळतात, एवढाच आजचा विषय आहे.

भट्टी म्हटली की आपल्या मनात भडकलेला जाळ उभा राहतो. जितका जाळ मोठा तितके काम चांगले, असा आपला समज असतो. कोकभट्टीची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे जाळ करणे हे सर्वांत सोपे काम. कठीण काम म्हणजे ती आच बेताने देणे, सगळीकडे सारखी देणे, आणि वर्षानुवर्षे एक दिवसही खंड न पडू देता देणे. या तीन गोष्टी साधल्या तर लोखंड चांगले निघते, भट्टी दीर्घकाळ टिकते आणि भट्टीवर काम करणारा माणूसही टिकतो. त्या चुकल्या तर तिघांचेही नुकसान होते.

प्रथम कोक म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे लोणारी लोक लाकडाची रास रचून तिच्यावर माती लिंपीत आणि आत बेताची आग देत. लाकूड जळून राख होऊ नये, पण त्यातील ओल आणि धूर निघून जावा, आणि मागे निव्वळ कोळसा उरावा, ही त्यातील युक्ती. दगडी कोळशावर हीच क्रिया केली की कोक होतो. हवेचा शिरकाव होऊ न देता कोळसा सुमारे हजार अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावयाचा; त्यातील वायू, डांबर, अमोनिया, बेंझॉल हे सारे बाहेर पडते आणि मागे राखाडी, सच्छिद्र, पण दगडासारखा टणक कोक राहतो. शास्त्रज्ञ या क्रियेला भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात. इंग्लंडात कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने १७०९ साली कोकवर लोखंड गाळून दाखविले, आणि तेव्हापासून लोखंडासाठी जंगले तोडण्याची गरज हळूहळू संपत गेली.

येथे कोणी विचारील की, मग कोळसाच थेट झोतभट्टीत का घालू नये? झोतभट्टी पंचवीस-तीस मीटर उंच असते. तिच्यात वरून लोहखनिज, चुनखडी आणि इंधन यांचे थर टाकतात आणि खालून तप्त हवेचा झोत सोडतात. खालच्या थरातील इंधनाने वरचा सारा भार पेलावयाचा, आणि तरीही आपल्या फटींतून वायूला वर वाट द्यावयाची असते. साधा कोळसा त्या भाराखाली चुरा होईल आणि भट्टीचा श्वास कोंडेल. कोक तो भार पेलतो. म्हणून कोकमध्ये उष्णतेइतकीच बळकटीही पाहिली जाते, आणि ती बळकटी त्याला कशी आच मिळाली यावर पुष्कळच अवलंबून असते.

सगळ्या कोळशाचा कोक होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कोळसा तापताना मध्येच मऊ झाला, कणकेच्या गोळ्यासारखा एकजीव झाला आणि मग घट्ट झाला, तरच कोक होतो. आपल्या चंद्रपूरकडील, वर्धा खोऱ्यातील कोळशात हा गुण नाही. तो वीजघरांत जाळण्यास उपयोगी. आपल्या देशातील उत्तम कोकक्षम कोळसा प्रामुख्याने झारखंडातील झरियाचा. आणि त्या झरियात १९१६ साली जमिनीखाली आग लागल्याचे प्रथम आढळले, ती अजून पूर्णपणे विझलेली नाही. एकाच कोळशाच्या दोन आगी आपल्याला दिसतात. एक खाणीत, कोणाचा ताबा नसलेली, शतकभर नुसती नासाडी करणारी. दुसरी भट्टीत, अंशाअंशाने मोजलेली. या दुसरीकडे आता वळू.

जुन्या भट्ट्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाच्या असत. त्यांत कोळशातून निघणारा वायू तेथेच जळे आणि उरलेला आकाशात जाई. हा वायू किती मोलाचा आहे हे मुंबईकरांना वेगळे सांगावयास नको. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले ते दगडी कोळशापासून काढलेल्या वायूवरच. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात नव्या धर्तीच्या भट्ट्या आल्या. त्यांत कोळसा एका बंद कोठीत आणि जाळ दुसऱ्या पोकळीत, अशी फाळणी झाली. निघालेला वायू नळाने बाहेर न्यावयाचा, धुवून त्यातील डांबर, अमोनिया वेगळे करावयाचे, आणि त्याच वायूचा काही भाग परत आणून भट्टी तापवावयाची. साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के वायू भट्टीच्या स्वतःच्या पोटाला पुरतो. उरलेला कारखान्याच्या इतर कामांस मिळतो.

आता ही भट्टी डोळ्यांसमोर आणा. पुस्तकांच्या कपाटात पुस्तके उभी लावावीत तशा अरुंद, उंच कोठ्या एकीला एक लागून उभ्या असतात. अशा ओळीला बॅटरी म्हणतात. १९५९ साली भिलाईत ज्या धर्तीच्या भट्ट्या पेटल्या, त्यांत एका बॅटरीत ६५ भट्ट्या असत. एक कोठी सुमारे १४ मीटर लांब, चार-सव्वाचार मीटर उंच, आणि रुंदी मात्र केवळ ४० ते ४५ सेंटिमीटर! दोन कोठ्यांमधली भिंत पोकळ असते आणि तिच्यात पंचवीस-तीस उभ्या नळ्या असतात. जाळ या नळ्यांत. कोळशाला ज्योत कधी स्पर्श करीत नाही. तो तापलेल्या भिंतींच्या मध्ये दोन्ही अंगांनी भाजला जातो. नळ्यांतील उष्णतामान १२५० ते १३५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते.

कोठी इतकी अरुंद का, असा प्रश्न साहजिक आहे. कोळसा हा उष्णतेचा मोठा कंजूष वाहक. भिंतीजवळचा थर लाल झाला तरी मधल्या थराला त्याची वार्ता लवकर पोहोचत नाही. मधला कोळसा कित्येक तास शंभर अंशांवरच अडून राहतो, कारण तोपर्यंत त्यातील पाणी उडत असते. कोळसा साधारण ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान मऊ होतो. त्यामुळे दोन्ही भिंतींपासून मऊ कोळशाचा एकेक पातळ पडदा निघतो आणि तासातासाने मध्याकडे सरकत जातो. शेवटी दोन्ही पडदे मध्यावर भेटतात, घट्ट होतात, आणि मग सगळा लगदा हजार अंशांपर्यंत चढून पक्का कोक होतो. या सगळ्यास सोळा ते वीस तास लागतात. जाड भाकरी मोठ्या जाळावर टाकली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. कोकभट्टीवाल्याची सारी विद्या या एका अनुभवाचा विस्तार आहे.

थोडा हिशेब करू. एका भट्टीत सुमारे १७ टन कोळसा मावतो. एक किलो कोळशाचा कोक करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते असे धरले, तर एका भट्टीस एका खेपेला एक कोटी किलोकॅलरी द्यावयास हव्यात. एवढ्या उष्णतेत सुमारे दीड लाख लिटर पाणी उकळीला येईल. कोळशातील ओल एका टक्क्याने वाढली म्हणजे १७० लिटर पाणी अधिक आले. ते उडविण्यास आणखी लाखभर किलोकॅलरी लागतात. पावसाळ्यात ओल्या लाकडांनी चूल कशी रडविते ते आपण जाणतो. कोकभट्टीवालाही पावसाळ्यात कोळशाच्या ओलीचा हिशेब रोज करतो.

पण खरी अडचण एकूण उष्णतेची नसून वाटपाची आहे. कोक तयार झाला की एका बाजूने यंत्राचा लांबलचक दांडा आत शिरतो आणि तो तापलेला ठोकळा दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलतो. ठोकळा भिंतीला घासू नये म्हणून कोठी एका टोकाला दुसऱ्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर रुंद केलेली असते. म्हणजे रुंद बाजूला कोळसा जास्त. तेथे उष्णताही जास्त हवी. म्हणून त्या टोकाच्या नळ्या अरुंद टोकापेक्षा चाळीस-पन्नास अंश अधिक तापलेल्या ठेवतात आणि मधल्या नळ्यांत हा चढ टप्प्याटप्प्याने येऊ देतात. उंचीचाही असाच प्रश्न. ज्योत आखूड असेल तर तळ भाजतो आणि माथा कच्चा राहतो. ज्योत फार लांबली तर माथ्याची पोकळी तापून वायू तेथेच फुटतो आणि भिंतीवर काजळीचे कठीण पापुद्रे जमतात. हवा किती, वायू किती, धुराड्याची ओढ किती, यांच्या मेळाने ज्योतीची लांबी साधावी लागते. काही भट्ट्यांत जळून गेलेला वायू थोडा परत ज्योतीत मिसळतात, तो ज्योत संथ आणि लांब व्हावी म्हणून.

भट्टीच्या पायाखाली आणखी एक सुंदर योजना असते. जळलेला वायू नळ्यांतून निघतो तेव्हा अतिशय तापलेला असतो. तो तसाच धुराड्यातून गेला तर निम्मी मिळकत रस्त्यावर फेकल्यासारखे होईल. म्हणून तो विटांच्या जाळीने भरलेल्या खोल्यांतून खाली नेतात. विटा त्याची उष्णता शोषून घेतात आणि वायू दोन-तीनशे अंशांचा होऊन धुराड्याकडे जातो. वीस-तीस मिनिटांनी झडपा उलटतात. आता ताजी हवा त्याच तापलेल्या विटांतून वर येते आणि सुमारे हजार अंशांची होऊन ज्योतीला मिळते. मग पुन्हा उलट. रात्रंदिवस, वर्षातील तीनशेपासष्ट दिवस, हा श्वासोच्छ्वास चालू असतो. ही कल्पना जर्मनीच्या सीमेन्स बंधूंपैकी फ्रीडरिश यांनी १८५६ साली पुढे आणली. कोकभट्टीला ती पुढील पाव शतकात लाभली.

आता नियमन प्रत्यक्ष कसे करतात? भट्टीच्या माथ्यावर प्रत्येक नळीला एक झाकण असते. कामगार ते आकडीने उचलतो, आत उत्तापमापकाने पाहतो आणि तापलेल्या विटेच्या तेजावरून उष्णतामान वाचतो. प्रत्येक भिंतीतील दोन नळ्या, एक या बाजूची आणि एक त्या बाजूची, नमुन्यादाखल ठरलेल्या असतात. त्या दिवसातून अनेक वेळा मोजतात. ठराविक दिवसांनी संपूर्ण भिंतीतील नळी अन् नळी तपासतात. एका भिंतीत २८ नळ्या धरल्या तर ६५ भट्ट्यांच्या बॅटरीत त्या अठराशेच्या वर भरतात! त्यातही बारकावा असा की, झडपा उलटल्यावर नळी थंड होऊ लागते. त्यामुळे पहिली नळी मोजली तेव्हाचा आकडा आणि शेवटची मोजली तेव्हाचा आकडा यांत घड्याळाप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. एवढे करून, एकेका भिंतीचा आकडा सरासरीपासून वीस अंशांहून अधिक ढळू नये अशी अपेक्षा असते. तेराशेच्या घरातील वीस अंश! आज पुष्कळ ठिकाणी संगणक आणि आपोआप मोजणारी यंत्रे आली आहेत. पण झाकण उचलून नळीत डोकावणारी नजर अजून निवृत्त झालेली नाही.

भट्ट्या रिकाम्या करण्याचा क्रमही उष्णतेच्याच हिशेबाने ठरतो. पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी, असे करीत नाहीत. पहिली, सहावी, अकरावी असे पाचपाचांनी पुढे जातात. मग तिसरी, आठवी, तेरावी. त्यामुळे ज्या कोठीत थंड, ओला कोळसा नुकताच पडला तिच्या दोन्ही शेजारणी अर्ध्या शिजलेल्या असतात. भिंतीला दोन्हीकडून आधार राहतो आणि एकाच जागी उष्णतेची एकदम ओढाताण होत नाही.

भिंतीची एवढी काळजी का, ते सांगतो. या भिंती सिलिका विटांच्या. ही वीट कडक आचेत भक्कम उभी राहते; परंतु साधारण सहाशे अंशांच्या खाली तिचा स्वभाव फार लहरी आहे. तेथे तिच्यातील स्फटिकांची रचना बदलते आणि वीट एकाएकी फुगते किंवा आकसते. म्हणून नवी बॅटरी पेटविताना दोन-तीन महिने घेतात. रोज मोजून थोडे थोडे अंश चढवितात. तेवढ्यात चौदा मीटरची भिंत पंधरा-वीस सेंटिमीटरने वाढते. एकदा ती तापली की तिला पुन्हा थंड होऊ द्यावयाचे नाही. थंड झाली तर भेगा पडतात आणि भट्टी बहुधा कायमची जाते. म्हणजे पेटवली त्या दिवसापासून तीस-चाळीस वर्षे, सण असो, संप असो, मागणी असो वा नसो, आच चालूच. २०२० सालच्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा अखंड चालणाऱ्या कारखान्यांसाठी राज्य सरकारच्या परवानगीने सवलत ठेवावी लागली. त्यामागची अडचण समजावयाची तर कोकभट्टीइतके बोलके उदाहरण थोडेच सापडेल.

याहून कठोर परीक्षा युक्रेनमधील अवदिइव्का या गावाने पाहिली. तेथील कोकचा कारखाना १९६३ सालचा, युरोपातील मोठ्यांत गणला गेलेला. २०१४ पासून गाव लढाईच्या रेषेवर आले. कारखान्यात तोफगोळे पडत, विजेच्या तारा तुटत; तरी पाळीचे लोक कामावर येत. कारण त्या भट्ट्यांवर केवळ कोक अवलंबून नव्हता. गावातील घरांना ऊब देणारी व्यवस्थाही याच कारखान्यावर चालत होती. २०१७ च्या जानेवारीअखेर कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा भट्टी जगविणे आणि गाव जगविणे ही एकच गोष्ट झाली. शेवटी मार्च २०२२ मध्ये युद्धाने कारखाना थांबविलाच. पण तोवर आठ वर्षे माणसांनी ती आच राखली होती.

आता आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आच असमान झाली तर काय होते? कोठीचा एखादा भाग कच्चा राहतो. पक्का कोक आकसून भिंत सोडतो. कच्चा चिकटून बसतो. मग दांड्याने जोर केला की भिंतीवर ताण येतो, विटा सरकतात, भेगा पडतात. आणि कच्चा कोक दार उघडताच पिवळ्या-काळ्या धुराचे लोट सोडतो. भेगांतूनही धूर झिरपतो. तो धूर साधा नसतो. त्यात डांबराची अतिसूक्ष्म वाफ असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ॲलेघेनी परगण्याच्या पोलाद कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातील लॉइड यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. भट्टीच्या माथ्यावर पाच वर्षे किंवा अधिक काळ पूर्णवेळ काम केलेल्या माणसांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या दसपट आढळले. १९७६ साली तेथे कोकभट्टीच्या धुरासाठी स्वतंत्र नियम झाला. म्हणजे उत्तापमापकातील वीस अंशांचा फरक हा केवळ इंजिनिअरच्या वहीतील आकडा नव्हे. माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो लिहिला जातो.

आणि हा फरक बहुतेक वेळा अज्ञानाने पडत नाही, घाईने पडतो. कोकची मागणी वाढली की भट्टी अठरा तासांऐवजी सोळा तासांत रिकामी करा, असा वरून आग्रह होतो. त्यासाठी आच वाढवावी तर कोक भेगाळून बारीक पडतो आणि विटेला धोका. आच न वाढविता वेळच तोडावा तर पोट कच्चे. भट्टी त्या दिवशी तक्रार करीत नाही. कोक निघतो, आकडे चांगले दिसतात. भिंतीची भेग चार-पाच वर्षांनी बोलते, फुफ्फुस वीस वर्षांनी. तोवर घाई करणारा बहुधा दुसऱ्या जागी गेलेला असतो. म्हणून चांगल्या कारखान्यात आच पाहणाऱ्या माणसाचा शब्द माल मोजणाऱ्याच्या शब्दाइतकाच वजनदार असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचा शेवटचा हिशेब राहिला. बाहेर पडणारा लाल कोक, भट्टीला दिलेल्या उष्णतेचा सुमारे चाळीस टक्के भाग बरोबर घेऊन येतो. त्यावर पाणी ओतले की वाफेचा प्रचंड ढग उठतो. पाहणाऱ्याला तो देखावा भव्य वाटतो; वास्तविक ती उधळपट्टी आहे. यावर उपाय म्हणजे कोक बंद कोठीत घालून त्यातून नायट्रोजन वायू फिरवावयाचा आणि त्या तापलेल्या वायूवर वाफ करून वीज काढावयाची. आपल्या देशात विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा मार्ग प्रथम धरला. दुसरा एक मार्ग आपल्या शेजारी गोव्यात, आमोणे येथे पाहावयास मिळतो. तेथील धर्तीच्या भट्ट्यांत वायू आतच पूर्ण जाळतात, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवतात, त्यामुळे धूर फटीतून बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. आणि जळून निघालेल्या उष्णतेवर वीज होते. डांबर, अमोनिया मिळत नाहीत, पण धुराचा जाच कमी होतो. कोणता मार्ग बरा, हे जागा, कोळसा आणि गरज पाहून ठरवावे लागते.

कोळशावाचून, हायड्रोजनच्या साह्याने लोखंड काढण्याचे प्रयोग आज जगात चालू आहेत, आणि ते यशस्वी व्हावेत असेच कोणीही म्हणेल. परंतु ज्या भट्ट्या आज पेटलेल्या आहेत त्यांना पुढील कित्येक वर्षे विझता येणार नाही. तोवर त्यांची आच सारखी ठेवणे हे लोखंडाचे, हवेचे आणि माणसाचे, तिन्हींचे रक्षण आहे. आपणांपैकी कोणाला कधी एखादा पोलाद कारखाना पाहण्याचा योग आला, तर लाल कोकचा तो दिमाखदार धबधबा अवश्य पाहा. पण त्याबरोबर भट्टीच्या माथ्यावर झाकण उचलून वाकलेल्या त्या माणसाकडेही पाहा. त्याला किती वेळ मिळतो, त्याच्या नाकातोंडावर काय बांधलेले आहे आणि त्याने सांगितलेला आकडा कोणी ऐकतो की नाही, एवढी चौकशी केलीत, तर त्या कारखान्याची प्रकृती आपल्याला बिनचूक कळेल.